चार पोस्टकार्डांची फट

धोंडिराम बनसोडे यांच्या खाकी शर्टाला दोन खिसे होते आणि त्या दोन्हींत काय असे, ते मी शपथेवर सांगू शकतो. डाव्या खिशात फाउंटन पेनात शाई भरायचा काचेचा ड्रॉपर. उजव्या खिशात चार कोरी पोस्टकार्डं, शिवणाच्या दोऱ्याने बांधलेली. ड्रॉपरमध्ये शाई कधीच नसे, साधं पाणी असे. आणि पोस्टकार्डांवर त्यांनी सात वर्षांत एक अक्षरही लिहिलं नाही. एकदा मला घाईने सासुरवाडीला पत्र टाकायचं होतं म्हणून मी त्यांतलं एक मागितलं, तर म्हणाले, “ही लिवायची न्हाईत मास्तर, मोजायची हायत.”

मी मास्तर नव्हतो. सांगलीतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासणं आणि कोणतं काम कोणत्या दिवशी कोणत्या यंत्रावर चढेल याचं वेळापत्रक ठेवणं, एवढं माझं काम. पण चष्मा लावून लाल शाईने चुका काढणारा माणूस मास्तरच असणार, असं त्यांनी पहिल्या दिवशी ठरवलं आणि ते कधी बदललं नाही. मीही त्यांना बनसोडे कधी म्हटलं नाही. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, म्हणून सगळ्यांचे हवालदार.

साठ सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्या मालकांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी, लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापून कंटाळल्यामुळे मुंबईहून प्लॅस्टिकच्या पिशव्या छापायचं यंत्र आणलं होतं. सांगली हळदीचं गाव. हळदपूड कागदी पुड्यांतून विकली जायची, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली तर ओल लागणार नाही आणि पिवळा रंग बाहेरून दिसेल, हा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर होता. फक्त प्लॅस्टिकला तो मान्य नव्हता. शाई पिशवीवर बसायची, वाळायची, छान दिसायची, आणि अंगठा फिरवला की साय निघावी तशी निघून यायची. आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे जतकडचे अण्णाप्पा शेठ. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, त्यांची हळद असे आणि पांढऱ्या धोतराचा त्यांना फार अभिमान. पिशव्यांचा पहिला गठ्ठा त्यांनी मांडीवर घेतला, हात फिरवला, उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “आप्पासाहेब, हळद पिशवीत राहू दे की. नाव तरी पिशवीवर ठेवा. धोतरावर काय करायचंय माझं नाव?”

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तेव्हा शेठजींनी सांगून टाकलं की तिसऱ्या खेपेला शाई निघाली तर आपण पुन्हा कागदी पुड्यांकडे जाणार. आप्पासाहेबांनी मला सांगितलं की तसं झालं तर यंत्र मुंबईला परत. मधल्या काळात कुणीतरी त्यांना हवालदारांचं नाव सुचवलं.

हवालदार पहिल्यांदा आले तो दिवस मला त्यांच्यामुळे आठवतो आणि माझ्यामुळेही. ते कोरेगावकडच्या एका खेड्यातले. फौजेच्या दुरुस्ती कारखान्यात त्यांनी वायरलेसचे संच उघडण्यात आणि मिटवण्यात आयुष्य घातलं होतं. छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घराने गावकीची जुनी कामं सोडली होती, आणि ते सोडलेलं गावातल्या काहींना अजून पचलेलं नव्हतं. “गावात जातो मी,” ते म्हणायचे, “पण पावणा म्हणून. रिकाम्या हातानं ऱ्हायला गेलो तर जुनं काम समोर ठेवून उभं ऱ्हातील.” सांगलीतलं हे काम टिकणं त्यांच्यासाठी म्हणून महत्त्वाचं होतं. आप्पासाहेबांनी सहा महिने बघू म्हणून सांगितलं. तोवर छापखान्यामागची खोली राहायला, आणि शाई टिकली तर दोन्ही कायम.

बोलणं झाल्यावर चहा आला. आप्पासाहेबांना आणि मला कपबशीतून. हवालदारांना काचेच्या गिलासातून. तो गिलास खिडकीच्या कठड्यावर वेगळा ठेवलेला असे. कशासाठी असे, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी काही बोललो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. हवालदारांनी चहा पिऊन घेतला, गिलास माठाशी जाऊन विसळला, पुसून कोरडा केला, खिशातून ड्रॉपर काढला आणि गिलासाच्या पालथ्या बुडावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब झरकन पसरून सपाट झाला. तो त्यांनी आप्पासाहेबांना दाखवला.

“काच राजी हाय, सायब.”

मग टेबलावरची प्लॅस्टिकची पिशवी ओढून घेतली आणि तिच्यावर थेंब सोडला. तो मोत्यासारखा गोल उभा राहिला.

“ही नाराज हाय. शाईचा दोष न्हाई. पिशवीच कुणाला आंगाला लावून घेत न्हाई. हिला आदी राजी करायला पायजे.”

राजी आणि नाराज. सगळ्या जगाची वाटणी ते या दोनांत करत. त्यांनी सात वर्षांत कशाकशावर थेंब सोडला त्याची मी यादी करत नाही, पण छत्र्या, चपला, पितळी तांब्या, जिल्हाधिकारी कचेरीतून आलेलं एक पत्र आणि मुरलीधराच्या देवळातली फरशी यांचा तरी उल्लेख करायला हवा. त्यांच्या बायकोने, सुभद्रावहिनींनी, दिवाळीला नायलॉनचं लुगडं घेतलं, तर ओटी भरायच्या आधी यांचा थेंब. वहिनी मला म्हणाल्या, “लग्नात माज्यावर टाकला न्हाई, एवढं नशीब म्हणायचं भावजी. न्हाईतर नाराज म्हणून माघारीच धाडलं असतं.”

माझा आणि त्यांचा स्नेह जमला तो मोजमापावरून. राजी म्हणजे किती राजी, असं मी त्यांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा आदराने बघितलं. छापखान्यात अक्षरांची उंची मोजायची पट्टी असते, इंचाचे बहात्तर भाग केलेली. त्या एका भागाला आम्ही पॉइंट म्हणतो. ती पट्टी मी थेंबाशेजारी ठेवली. कोऱ्या प्लॅस्टिकवर थेंबाची रुंदी सोळा पॉइंट भरली. त्याच ड्रॉपरचा थेंब काचेवर तीसच्या वर गेला. आम्ही ठरवलं की बावीसच्या पुढे गेलेली पिशवी राजी समजायची. त्या दिवसापासून मी लाल शाईने थेंब तपासू लागलो.

राजी करायचा पहिला प्रयोग त्यांनी प्रायमस स्टोव्हच्या ज्योतीवर केला. ज्योतीसमोरून प्लॅस्टिक झटकन ओढून नेलं तर ते सुधारतं, असं त्यांचं म्हणणं. झटकन म्हणजे किती, ते ठरायच्या आत अकरा फूट प्लॅस्टिकचे पापड झाले. बाराव्या फुटाला मात्र थेंब वीस पॉइंट पसरला होता. आप्पासाहेब पापडांकडे बघत होते, हवालदार वीस पॉइंटांकडे.

मग ते तीन दिवस रजा काढून साताऱ्याला गेले आणि येताना एक ट्रान्सफॉर्मर घेऊन आले. एका टॉकीजवरची रंगीत दिव्यांची पाटी उतरवली होती, तिचा. फौजेत असताना त्यांनी पाहिलं होतं की जोरदार दाबाच्या तारेतून जिथे वीज हवेत झिरपत असे, तिथल्या प्लॅस्टिकच्या वेष्टणावर थेंब पसरायचा, आणि हातभर पलीकडे गोल राहायचा. का, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. “सायबास्नी इचारलं तर म्हणाले, बनसोडे, वेष्टण बदला. मी वेष्टण बदललं. पण थेंब ध्यानात ठिवला.”

तो ट्रान्सफॉर्मर मी धान्याच्या काट्यावर घातला. अठरा किलो भरला. तो त्यांनी चादरीत गुंडाळून साताऱ्यापासून एस.टी.त मांडीवर आणला होता. कंडक्टरने चादरीत काय आहे विचारलं. दुसरा माणूस लोणच्याची बरणी म्हणून मोकळा झाला असता. हवालदारांनी त्याला पहिल्यापासून सांगायला घेतलं. कंडक्टर तिकिटं फाडून परत येई, मग पुढचं. कराड येईपर्यंत कंडक्टरला सगळं कळलं होतं आणि त्याने स्टँडवर स्वतःहून विचारलं म्हणे की एस.टी.च्या रेक्झिनच्या सीटा राजी असतात की नाराज. हवालदारांनी तिथल्या तिथे थेंब सोडून दाखवला.

छापखान्यामागच्या कोठारात त्यांनी मांडणी केली. एक लोखंडी रूळ, त्यावर सायकलची ट्यूब ताणून चढवलेली. रुळावरून प्लॅस्टिक सरकायचं आणि त्याच्या वर एक पोलादी पट्टी, धारेकडून खाली. पट्टी आणि प्लॅस्टिक यांच्यात फट किती हवी? तर चार पोस्टकार्डांची. तीन घातली तर ठिणगी एका जागी घुसून भोक पाडी, पाच घातली तर काहीच होत नसे. चार कार्डं घालायची, पट्टी कसायची, कार्डं काढून खिशात ठेवायची आणि मग वीज सोडायची.

दारावर गोणपाटाचा पडदा टाकून त्यांनी मला ते भरदुपारी दाखवलं. पट्टीच्या धारेला या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळी झालर लागली. फोडणीत मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज. आणि एक उग्र, स्वच्छ वास, नाकात टोचणारा. त्या झालरीखालून प्लॅस्टिक जसं जात होतं तसंच बाहेर येत होतं. ना काळं, ना वाकडं, हाताला साधं कोमटही नाही. मी म्हटलं, काहीच झालं नाही की. त्यांनी ड्रॉपर काढला. तेवीस पॉइंट.

माझा मुलगा आता कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. तो म्हणतो की याला प्लाझ्मा म्हणतात. विजेच्या जोराने हवेचेच कण फुटतात आणि वस्तूचा फक्त वरचा पापुद्रा बदलतात, आत धक्का लावत नाहीत. आणि हे सगळं बंद नळीत नव्हे, आपण श्वास घेतो त्या हवेत. त्याचं बरोबरच असेल. हवालदार ‘झालर’ म्हणत. त्या वासाने मात्र सायकलच्या ट्यूबा चिरत, दर आठ दिवसांनी नवी लागे. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याची समजूत झाली होती की हवालदारांकडे भाड्याच्या सायकली आहेत आणि ते चालवतात फार वाईट.

झालर चालू असली की हवालदार डावा हात पँटच्या खिशात घालून उभे राहत. आप्पासाहेब आले तरी तसेच. आप्पासाहेबांना ते लागलं. त्यांनी मला बोलावून विचारलं की फौजेत वरिष्ठांसमोर असं उभं राहायला शिकवतात काय. मी हवालदारांना विचारलं. ते म्हणाले, “दोनी हात लागलं तर करंट ह्या हातातनं शिरून छातीतनं जातो आन् त्या हातातनं निगतो. एक हात खिशात असला तर माणूस वाचायचा संभव हाय.” मी ते जसंच्या तसं वर कळवलं. त्यानंतर आप्पासाहेब कोठारात आले की आधी स्वतःचा डावा हात लपवत. धोतराला खिसा नाही, म्हणून तो कमरेच्या कडोसरीत खोचून उभे राहत. अशा रीतीने दोघेही एकमेकांसमोर एकेक हात लपवून गंभीरपणे बोलत असलेले मी पुष्कळदा पाहिले आहेत.

आता तिसऱ्या खेपेची हकिगत.

शेठजींच्या कामासाठी प्लॅस्टिकचे चौदा रोल होते. गणपतीच्या शेवटच्या दोन दिवसांत हवालदारांनी ते एकेक करून झालरीखालून काढायला घेतले. अनंत चतुर्दशीला गणपती गेले, दुसऱ्या दिवशी चौदावा रोल उतरला. सगळे तेवीस पॉइंट. नक्षीचे रबरी ठसे त्याच संध्याकाळी आले. मी वेळापत्रकात दुसऱ्या दिवशीची तारीख टाकली आणि सही घ्यायला गेलो, तर आप्पासाहेबांनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. पितृपक्ष लागला होता. नवीन काम आता घटस्थापनेला. शेठजींनाही त्याच दिवशी सकाळी बोलावलं आहे म्हणाले.

चूक माझी होती. तारखा बघणं हे माझं काम, आणि तिथी मी बघितली नाही. पण मला वाटलं, बिघडलं कुठे? कागदाचे रीम वर्ष वर्ष राहतात. प्लॅस्टिक तर कुजतही नाही. मी हवालदारांना तसं सांगितलं. त्यांनी प्रत्येक रोलचं टोक ओढून थेंब सोडला आणि मला पट्टी लावायला सांगितली.

तेवीस. तिसऱ्या दिवशी बावीस. पाचव्या दिवशी एकवीस. सहाव्या दिवशी काही रोल वीसवर आले. प्लॅस्टिक आपली राजीखुशी विसरत चाललं होतं. असं होतं हे हवालदारांनाही माहीत नव्हतं; आजवर झालर झाली की दुसऱ्या दिवशी ते नमुना छापून बघत. आकडे घेऊन मी आप्पासाहेबांकडे गेलो. हवालदार मागे उभे होते.

आप्पासाहेब चिडले नाहीत. आकडे नीट वाचले आणि म्हणाले, “थेंबाला काय कळतं तिथीतलं?”

“थेंबालाच कळतीया सायब,” हवालदार म्हणाले. “दोन दिसाला एक घर मागं सरतोय. आमी छप्पन सालापासनं पितरं जेवू घालायची सोडली, पण तुमच्या पितरांसंगं माजं भांडान न्हाई. ज्येवू द्या त्येंना पोटभर. मला फकस्त एवढं सांगा, नवीन काम न्हाई करायचं, पण जुन्याची दुरुस्ती चालती का?”

आप्पासाहेबांनी विचार केला. छप्पर गळलं तर पितृपक्ष असला तरी कौल बदलावंच लागतं, म्हणाले. दुरुस्तीला हरकत नाही.

हे ऐकून हवालदार जे गेले ते दोन दिवस कोठाराबाहेर आले नाहीत. पुन्हा सगळे रोल झालरीखालून काढून उपयोग नव्हता. काढून होईतो पहिले पुन्हा विसरायला लागले असते आणि ठेवायचं कुठे हा प्रश्न राहिलाच असता. त्यांचा विचार असा की झालर आणि छपाई यांच्यात दिवस नकोतच, एका दमात व्हायला पाहिजे. पण छपाईच्या शाईत स्पिरिट असे. ठिणगीशेजारी स्पिरिट म्हणजे छापखाना गेला. “ह्या दोघांची गाठ पडू द्यायची न्हाई,” ते म्हणाले. “मदी भिंत पायजे.”

भिंत होतीच. अलीकडे कोठार, पलीकडे यंत्र. तिसऱ्या दिवशी आप्पासाहेब देवळातून आले तर भिंतीला आडवं भोक पडलेलं, टपालपेटीच्या तोंडासारखं, मी मोजलं तेव्हा चौदा इंच लांब आणि इंचभर उंच. खाली विटांचा चुरा.

“हे काय, हवालदार?”

“दुरुस्ती, सायब.”

“भिंतीला काय झालं होतं?”

“भोक नव्हतं.”

मी मुद्रितात डोकं घातलं. आप्पासाहेब भोकातून वाकून पलीकडे बघत राहिले. मग सरळ झाले, डावा हात कडोसरीत खोचला आणि म्हणाले, “झाकण करा त्याला. उंदीर येतील.”

हवालदारांनी कातड्याचं झाकण केलं, त्याखालून फक्त प्लॅस्टिक सरकेल असं. कोठाराची मागची खिडकी सताड उघडी, मध्ये ओलं गोणपाट. मी झालरीपासून शाईपर्यंतचं अंतर मोजलं: चौदा फूट. यंत्र मिनिटाला वीस फूट ओढायचं. म्हणजे बेचाळीस सेकंद. हा आकडा सांगितला तेव्हा हवालदार पहिल्यांदाच मोठ्याने हसले. “इसरायला म्हातारं तरी व्हायला पायजे का न्हाई?”

तोपर्यंत रोल अठरावर उतरले होते. नमुना छापून बघता आला नाही, कारण ठसा लावणं म्हणजे नवीन काम. जे काय व्हायचं ते घटस्थापनेला, शेठजींच्या समोर. आदल्या दिवशी सुभद्रावहिनींनी खोलीतलं सामान अर्धं बांधून ठेवलं होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, सोडायला वेळ लागत नाही, बांधायला लागतो.

सकाळी शेठजी आले. धोतर नवं होतं, माणूस तयारीने आला होता. आप्पासाहेबांनी घरी घट बसवून, समई लावून, तसेच येऊन यंत्राची पूजा केली. यंत्राला हळदकुंकू, ठशाला हळदकुंकू. हवालदारांनी कोठारात झालर लावली, भोकातून प्लॅस्टिक या बाजूला आलं. यंत्र सुरू करायचं, तेवढ्यात आप्पासाहेबांना भरून आलं की काय कोण जाणे, त्यांनी भोकातून आलेल्या त्या प्लॅस्टिकवर पाचही बोटं टेकून त्याला नमस्कार केला. हवालदार भिंतीपलीकडे होते. मी या बाजूला होतो, पण पूजेत कोण बोलणार.

यंत्र सुरू झालं. वाळलेल्या पहिल्या बारा पिशव्या कापून शेठजींपुढे ठेवल्या. हवालदार येऊन दाराशी उभे राहिले. झालर बंद होती, तरी हात खिशात होता.

शेठजींनी पहिली पिशवी मांडीवर घेतली आणि अंगठ्याने रगडली. नाव हललं नाही. नखाने खरवडलं. हललं नाही. दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी रगडली आणि थांबले. धोतराकडे बघितलं, पिशवी उजेडाकडे धरली. नावाच्या मधोमध पाच ठिकाणी शाई सोलून आली होती. चार वर आणि एक जरा बाजूला खाली.

हवालदार पुढे आले, पिशवी घेतली, त्या पाच ठिकाणांवर आपली बोटं धरून बघितली आणि मग आप्पासाहेबांच्या हाताकडे बघू लागले.

“सायब, हात दावा जरा.”

सहा महिन्यांत त्यांनी आप्पासाहेबांच्या हाताला कधी हात लावला नव्हता, आणि आप्पासाहेबांनी तशी वेळ येऊ दिली नव्हती. आप्पासाहेबांनी क्षणभर हात तसाच ठेवला. मग उजवा हात पुढे केला. हवालदारांनी तो मनगटाशी धरला, तळवा वर केला आणि ड्रॉपरने बोटावर एक थेंब सोडला. थेंब टम्म गोल उभा राहिला.

“समईचं तेल,” हवालदार म्हणाले. “पिशव्या सगळ्या राजी हायत. येकटं मालकच नाराज.”

पहिले हसले ते अण्णाप्पा शेठ, आणि ते असे हसले की मांडीवरच्या पिशव्या खाली पडल्या. मग आप्पासाहेब हसले. थेंब अजून बोटावर होता आणि त्यांनी तो सांडू दिला नाही. “मास्तर,” मला म्हणाले, “मोजा की.” मी पट्टी लावली. चौदा पॉइंट. कोऱ्या प्लॅस्टिकपेक्षाही दोन कमी. शेठजींनी ती पाचवी पिशवी मागून घेतली. देवाच्या पाच बोटांची पिशवी म्हणून ती पुढे त्यांच्या दुकानात गल्ल्यावर लावलेली मी पाहिली आहे.

मग आतून चहा आला. तबकात कपबशा होत्या. मी मोजल्या: चार. आप्पासाहेबांनी स्वतः एक उचलून हवालदारांच्या हातात दिली आणि लगेच शेठजींशी पावसाबद्दल बोलू लागले. खिडकीतला गिलास तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी हवालदार त्यात ड्रॉपर उभा करून ठेवू लागले आणि पुढे तो ड्रॉपरचाच गिलास झाला. वहिनींनी सामान सोडायला मात्र चांगले चार दिवस घेतले.

ही झालर आमच्याकडे सात वर्षं चालली. शेवट केला तो हवालदारांनीच. मुंबईच्या एका नव्या प्लॅस्टिक कारखान्याचा रोल नमुन्याला आला होता. मी तो त्यांच्याकडे सहज नेला. त्यांनी थेंब सोडला आणि माझ्या पट्टीची वाटही न बघता म्हणाले, “ही राजी होऊनच आलीया.” मी मोजलं, चोवीस. आठ दिवसांनी पुन्हा, तेवीस. पंधरा दिवसांनी, तेवीस. मी आकड्यांचा कागद घेऊन बसून राहिलो. तो वर नेला तर हवालदारांचं काम संपणार, म्हणून चार दिवस मी तो नेलाच नाही. पाचव्या दिवशी हवालदारच तो माझ्या टेबलावरून उचलून आप्पासाहेबांकडे घेऊन गेले आणि म्हणाले की आता कोठारातल्या मांडणीची गरज नाही, उगाच ट्यूबा फाडण्यात अर्थ नाही.

आप्पासाहेबांनी त्यांना यंत्रावर राहायला सांगितलं, मनापासून सांगितलं. ते नाही म्हणाले. साताऱ्यात मोटारींचं वाइंडिंग करायचं दुकान टाकायचं त्यांच्या मनात होतं. “आता रिकाम्या हातानं न्हाई जात,” एवढंच मला म्हणाले. भिंतीतलं भोक त्यांनी जाण्याआधी स्वतः विटा लावून बुजवलं. आप्पासाहेब उभे राहून बघत होते. या वेळी दोघांचेही दोन्ही हात बाहेर होते.

निघताना आप्पासाहेबांनी त्यांना सहा कपबशांचा नवा संच दिला. हवालदारांनी तो वहिनींकडे दिला, नमस्कार केला आणि म्हणाले, “सायब, आनकी एक मागतो. त्यो खिडकीतला गिलास.”

आप्पासाहेब गडबडले. तो कशाला, जुना आहे, टवका उडालाय, असं काहीतरी बोलू लागले.

“माजा हाय त्यो,” हवालदार म्हणाले. “पयल्या दिवसापास्नं.”

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. रागही नव्हता. आप्पासाहेबांनी खिडकीपाशी जाऊन गिलास आणला, आणि देण्याआधी आपल्या उपरण्याने पुसला. मला वाटतं त्यांना काही बोलायचं होतं. मलाही होतं. 

सांगली स्टँडवर मी पोचवायला गेलो. ट्रान्सफॉर्मर टपावर चढवायला हमालाने चादर धरली, तर हवालदारांनी या खेपेला तो टपावर जाऊ दिला. वहिनी खिडकीशी बसल्या, मांडीवर कपबशांचं खोकं. हवालदारांच्या मांडीवर गिलास, गिलासात ड्रॉपर. मी खिडकीतून त्यांना चार पोस्टकार्डं दिली, माझा पत्ता घातलेली. म्हटलं, ही मात्र लिहायची आहेत. त्यांनी ती घेतली, चिमटीत धरून जाडी बघितली आणि म्हणाले, “बराबर हायत.”

गाडी हलली. कंडक्टर पुढून तिकिटं फाडत त्यांच्यापर्यंत आला होता आणि गिलासाकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होता. गाडी फाटकातून वळली तेव्हा हवालदार ड्रॉपर बाहेर काढत होते. कराड येईपर्यंत त्याला सगळं कळलं असणार.